अडतीस बाया, एकच आकडा

शेषराव तायडेला स्वस्थ बसता येत नसे. चहाच्या दुकानात बसला तर पाय हलवी, पाय धरून ठेवला तर बोटं वाजवी, आणि बोटांना काही काम नसलं की खिशातलं सरकारी स्टॉपवॉच चालू-बंद करत राही. राजकमल चौकातल्या चहावाल्याला एक कप ओतायला किती सेकंद लागतात हे त्याला पाठ होतं. चहावाल्याला स्वतःला ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती. पण शेषरावाचं तसं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा असतो आणि तो आपण काढलाच पाहिजे, या ध्यासानं हा पंचवीस वर्षांचा गडी पार पछाडला होता.

नोकरीही तशीच मिळाली होती. अमरावतीला कॅम्पात दोन खोल्यांचं एक कार्यालय होतं. बाहेर पाटी होती ‘बुद्धिमापन कक्ष’. आत दोन टेबलं, पुण्याहून आलेले साहेब, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, डोमाजी नावाचा शिपाई आणि आकडेमोड करणारं विजेवरचं एक अवजड यंत्र. शाळाशाळांतून मुलांची परीक्षा घ्यायची, त्यांच्या बुद्धीचा आकडा काढायचा आणि वर कळवायचं, एवढं काम. त्या आकड्यावर कोणाला वसतिगृह मिळे, कोणाला तांत्रिक शाळा, आणि कोणाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडे. लिहायला दोनच अक्षरं, पण पोराला ती जन्मभर पुरत.

आकड्यावर शेषरावाचा जीव का जडला होता, ते सांगायला हवं. अकोल्याला अकोट फैल या वस्तीत त्याचं घर. बाप लहानपणीच गेला. आई जाईबाई जिनिंग फॅक्टरीत कापूस निवडायला जायची. शाळेत मास्तर त्याला दाराशी, सगळ्यांपासून वेगळं बसवायचे. एक्कावन्न साली कोणी अधिकारी आला, साठ पोरांची परीक्षा घेऊन गेला, आणि महिन्याभरानं आलेला कागद मास्तरांनाच मोठ्यानं वाचावा लागला. शेषराव तायडे, एकशे एकोणीस. साठ पोरांत पहिला. मास्तरांचा आवाज त्या आकड्यावर अडखळला होता, आणि ते अडखळणं शेषरावाच्या कानात अजून होतं. त्याची जात न विचारता त्याच्याबद्दल काही बोलणारा पहिला कोण, तर तो आकडा. त्यावर शिष्यवृत्ती मिळाली, अमरावतीचं कॉलेज झालं, मानसशास्त्रातली बी. ए. झाली. तो कागद घडी करकरून फाटायला आला होता, तरी त्याच्या वरच्या खिशात असायचाच.

आता असा माणूस आकड्यावर शंका घेईल का? पण शंकेनं त्याला गाठलंच.

एका शाळेत पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतली, एक पोरगी समोर बसली होती. प्रश्न होता, “शाळेतल्या कंदिलाची काच तुझ्या हातून फुटली, तर तू काय करशील?” पुस्तकातलं उत्तर, मास्तरांना सांगेन. पोरगी म्हणाली, “पळून जाईन.” शेषरावानं नियम मोडून विचारलं, “काहून?” ती म्हणाली, “माया भाऊ सांगायले थांबला होता. अजून घरी नाई आला.” पुस्तकाप्रमाणे या उत्तराला शून्य. शेषरावानं शून्य दिलं, आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना विचारलं, “साहेब, बुद्धी म्हणजे नेमकं काय?”

साहेबांनी चष्मा पुसला. “तायडे, ते वरचं कार्यालय ठरवील. आपण फक्त मोजायचं.”

जे काय आहे ते ठाऊक नाही, ते आपण गेली तीन वर्षं दशांश चिन्हापर्यंत मोजतो आहोत, हे शेषरावाच्या लक्षात आलं आणि त्याची झोप उडाली. डोमाजीनं त्यात भर घातली. त्या यंत्राला डोमाजी ‘मुनीम’ म्हणायचा आणि रोज सकाळी फडक्यानं पुसायचा. एकदा पुसता पुसता म्हणाला, “तायडेसायब, तुमी साऱ्या जिल्ह्याचा आकडा काहाडता. या मुनीमाचा किती?”

थट्टा म्हणून शेषरावानं खरंच एक कोरी पत्रिका घेतली. वीस प्रश्नांपैकी पाच नुसत्या आकडेमोडीचे. ते मुनीमानं डोळ्याचं पातं लवायच्या आत बरोबर सोडवले. बाकीच्या पंधरांना तो गप्प. वीसपैकी पाच. तक्त्यात पाहिलं तर सहा वर्षांच्या लेकराची बुद्धी.

“बाप्पा!” डोमाजी खूष झाला. “म्हंजे हे लेकरू होय. मंग मी त्याले उगाच भेत होतो.”

डोमाजी हसला. शेषरावाला काही हसू येईना. जे कोट्यवधींचा भागाकार करतं ते सहा वर्षांचं, मग ही मोजपट्टी यंत्राला लागू नाही असं म्हणावं, तर ती पारध्याच्या पोरीला तरी लागू आहे हे कोणी ठरवलं? दिवसभर तो दोन खोल्यांत येरझारा घालत राहिला. शेवटी साहेब म्हणाले, “तायडे, बसा की जरा, फरशी झिजेल.”

अशात त्रेसष्टच्या जानेवारीत अकोल्याहून पत्र आलं. एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकानं कापूस साफ करणारं नवं यंत्र मागवलं होतं. निवडणाऱ्या अडतीस बायांपैकी आता बाराच ठेवायच्या होत्या. कोणत्या बारा हुशार, ते शास्त्रीय पद्धतीनं काढून द्या, असं त्याचं म्हणणं. साहेब हरखले. आजवर शाळाच केल्या होत्या, आता कारखाना! “तायडे, तुम्ही तिकडचेच. बायका तुमच्याशी मोकळेपणी बोलतील,” म्हणाले.

तिकडचे म्हणजे किती तिकडचे, ते शेषरावानं सांगितलं नाही. ती फॅक्टरी जाईबाईचीच होती. अडतिसांतली एक त्याची आई होती.

परीक्षेच्या आठ दिवस आधीच्या रविवारी तो बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेला. जाईबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. छप्पन साली फॅक्टरीतल्या बायांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली ही बाई. अंगठा उठवायची, पण कापूस हातात घेतला की बोलू लागायची. हा खारपाणपट्ट्यातला, हा दवात वेचलेला, याच्यात जुना मिसळला आहे. तिच्या शेडमध्ये एक रीत होती. किडका-पिवळा कापूस, म्हणजे कवडी, वेगळी काढायची. एखाद्या पुंजक्याबद्दल शंका आली, तर कोणी बाई तो एकटीच्या मनानं ढिगात टाकत नसे. शेजारणीच्या हातात देई. ती पुढच्या शेजारणीकडे. तीन-चार हात फिरून पुंजका ज्याच्या त्याच्या ढिगात जाई. मुकादम नत्थुजीनं एकदा गप्पा बंद व्हाव्यात म्हणून बायांना लांब लांब बसवलं होतं. आठ दिवसांत दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत कवडी निघाली आणि त्यानंच त्यांना पुन्हा जवळ बसवलं.

“माय, मले तुयी परीक्षा घेऊ दे,” शेषराव म्हणाला.

“घे ना. शेंगा सोलता सोलता घे.”

त्यानं स्टॉपवॉच पायरीवर ठेवलं आणि वीस प्रश्न विचारले. बैल, गाय, घोडा, नांगर, यांतलं वेगळं कोणतं? जाईबाई म्हणाली, “घोडा. बाकीचे तिघं वावरात संगं असतेत.” चूक. पाच आकडे ऐकून उलटे म्हण, म्हटल्यावर ती म्हणाली, “उलटे काहून? सुलटे बरे हायेत.” चूक. तीन बाया कापसाची एक गंजी नऊ दिवसांत निवडतात, तर एकटी बाई किती दिवसांत निवडेल? यावर ती नुसतीच त्याच्याकडे पाहत राहिली. वेळ संपली.

वीसपैकी सात. तक्ता त्याला पाठ होता. आठ वर्षांच्या पोराची बुद्धी.

शेषराव उठला, बसला, परत उठला. मोर्णा नदीच्या काठापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. आकडा खोटा म्हणावा, तर खिशातला एकशे एकोणीसही खोटा. मग आपण कोण? मास्तरांनी दाराशी बसवलेला तोच पोरगा. आणि आकडा खरा म्हणावा, तर जिच्या हाताच्या जिवावर आपण शिकलो ती माय ‘मंद’, आणि पुढच्या सोमवारी आपणच आपल्या सहीनं तिला घरी बसवणार. त्याला आईची लाज वाटली होती, क्षणभरच, पण वाटली होती. ते आठवून त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की अंगणात पाय ठेवताच तो म्हणाला, “माय, हे उत्तरं पाठ कर.”

संध्याकाळपर्यंत त्यानं तिला वीसच्या वीस उत्तरं पढवली. घोडा नव्हे नांगर. एकटी बाई, सत्तावीस दिवस. उलटे आकडे तिनं जात्यावरच्या चालीत बसवले आणि गुणगुणून दाखवले. परतीच्या गाडीत त्याला हलकं वाटलं. एकच गोष्ट राहून गेली होती. हे कोणाला सांगू नकोस, एवढं तो म्हणाला नव्हता. ते म्हणावं लागेल, हे एकशे एकोणीस बुद्ध्यंकाच्या त्या गड्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ठरलेल्या सोमवारी फॅक्टरीच्या कचेरीत तो टेबल मांडून बसला. एकेक बाई आत यायची, दार लोटायचं, बाहेर नत्थुजी पहाऱ्याला. पहिली आली केशरबाई. वेगळं कोणतं? “नांगर.” पाच आकडे उलटे? केशरबाईनं ते गुणगुणले. जात्यावरच्या चालीत.

शेषरावाच्या हातातली पेन्सिल थांबली.

दुसरी पार्वताबाई. नांगर. आकडे त्याच चालीत. तिसरी, चौथी, पाचवी. अंगठा खिशातल्या घड्याळावर चालू, बंद, चालू, बंद. पण खरी गंमत वेगळीच होती. तीन बाया, एक गंजी, नऊ दिवस, हा प्रश्न आला की प्रत्येक बाई सत्तावीस न म्हणता एकच उत्तर द्यायची, “एकटी काहून निवडीन?” हे त्यानं पढवलेलं नव्हतं. त्यानं सत्तावीस पढवलं होतं. नववी जाईबाई आली. तो प्रश्न आल्यावर तिनं पोराकडे जरा दयेनं पाहिलं आणि तेच म्हणाली. दोन दिवसांत ते वाक्य त्यानं अडतीस वेळा ऐकलं.

अडतीस बाया. प्रत्येकीला वीसपैकी एकोणीस.

अमरावतीला येऊन त्यानं मुनीमासमोर कागद पसरले. रीत अशी होती, की आधी सरासरी काढायची, मग बाया त्या सरासरीपासून किती दूर-जवळ आहेत त्याचा एक आकडा काढायचा आणि त्या आकड्यानं प्रत्येकीच्या फरकाला भागायचं. मग पायऱ्या पडतात आणि वरच्या बारा निघतात. सगळ्यांचे गुण सारखे असल्यावर तो मधला आकडा शून्य येणार आणि शून्यानं भागता येत नाही, हे शेषरावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीन वर्षांच्या सवयीनं हात चालत राहिले. शिवाय मनात एक खुळी आशाही होती, की आपल्याला न दिसलेला काहीतरी फरक यंत्राला दिसेल आणि आपण सुटू. त्यानं शून्य भरलं आणि भागाकाराचं बटण दाबलं.

मुनीम सुरू झाला. त्याची भागाकाराची रीत म्हणजे काही उरेनासं होईपर्यंत वजाबाकी. शून्य वजा केलं, पुन्हा केलं, पुन्हा. चाकं गरगर फिरत होती, आकडे पडत होते, आणि काहीच कमी होत नव्हतं. खडखडाट वाढला, टेबल हादरू लागलं, कागद खाली पडले. साहेब धावत आले, “अहो बंद करा! जळेल ते!” शेवटी डोमाजीनं भिंतीतला प्लगच उपटला.

“थांबाव कवा, हे याले समजतच नाई,” डोमाजी म्हणाला. “खरंच लेकरू हाय.”

साहेबांनी खाली पडलेले कागद उचलले. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला. “सगळ्यांना एकोणीस? आणि चूक तीसुद्धा एकच? तायडे, हे काय आहे? या बायकांनी संगनमत केलं आहे. मी मालकाला तसं कळवतो.”

सुटायचं तर इथं नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच. साहेबांनी पत्र लिहिलं असतं, लबाडीबद्दल अडतिसांच्या अडतीस बाया घरी गेल्या असत्या, आणि शेषरावाच्या नोकरीला धक्का लागला नसता. त्याचा अंगठा घड्याळावर गेला. या वेळी त्यानं ते दाबलं नाही. खिशातून काढून साहेबांसमोर टेबलावर ठेवलं.

“साहेब, उत्तरं मी सांगितली. त्यांतली एक माझी आई आहे.”

साहेबांनी घड्याळ बाजूला सरकवलं. माणूस वाईट नव्हता. “एकट्या आईला सांगितलंत ना? मग अडतीस जणींना कशी कळली?”

“ते मला आधी समजायला हवं होतं,” शेषराव म्हणाला.

चाचणी तांत्रिक कारणानं रद्द, असं साहेबांनी मालकाला कळवलं. बायांचं नाव कुठं आलं नाही. शेषरावानं राजीनामा दिला आणि उन्हाळ्यानंतर रिद्धपूरला प्राथमिक शाळेत लागला. मालकानंही शास्त्राची फार वाट पाहिली नाही. पुढचा हंगाम सुरू होताना नत्थुजीनं बोट दाखवलं त्या बारा बायांची नावं हजेरीपटावर चढली. सव्वीस घरी. जाईबाई बारांत होती. ती बातमी ऐकून शेषरावाला आनंद व्हायला हवा होता. पण उरलेल्या सव्वीस जणींच्या तोंडचं ते वाक्य त्याच्या कानात वाजत राहिलं, आणि रिद्धपूरच्या शाळेत तो फळ्यापुढे येरझारा घालत राहिला.

चौसष्टच्या जानेवारीत तो अकोल्याला गेला. दुपारची सुट्टी झाली होती. फाटकावर त्यानं सांगितलं, “जाईबाई तायडेंना बोलवा.” पहारेकऱ्यानं आत आवाज दिला. पदराला हात पुसत बाहेर आली ती पार्वताबाई.

“काकू, मले मायले भेटायचं होतं.”

“तुयी माय घरी हाय, बाबू,” पार्वताबाई आवाज उतरवून म्हणाली. “आज जाईबाई मीच होय. ती सोमवारी येते.”

मग तिनं हळूच सगळं सांगितलं. पटावर बारा नावं होती आणि त्या बारा नावांनी अडतीस बाया पाळीपाळीनं येत होत्या. मालकाच्या कारकुनाला नावं ठाऊक होती, तोंडं नव्हती. नत्थुजीला तोंडं ठाऊक होती, पण गाठीत कवडी निघत नव्हती, म्हणून तो दुसरीकडे पाहत होता.

घरी जाईबाई चुलीपाशी होती. त्यानं चपला काढल्या न काढल्या तोच विचारलं, “माय, मी तुले एकटीले सांगतलं होतं. तुवा साऱ्याईले काहून सांगतलं?”

जाईबाईनं भाकर उलटली. तिला प्रश्नच कळेना. “मले एकटीले? मले वाटलं, तू साऱ्याईसाठीच सांगून राहिला. तथी एकटीचं असते काय काई?” मग जरा थांबून म्हणाली, “एक तेवढं चूक सांगतलं होतं तू. सत्तावीसवालं. ते आमी सुदरवून घेतलं.”

शेषराव हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. पण जाईबाई हसली नाही. हातातलं पीठ झटकून ती त्याच्यासमोर बसली.

“आता म्या इचारते. नोकरी सोडली, ते मले कवा कळलं? पेपर रद्द झाला हे नत्थुजीनं सांगतलं. रिद्धपुराले गेला हे पोस्टकार्डानं. सायबापुढं एकटाच उभा राहिला?”

“मंग काय करणार होतो, माय? चूक मायी होती.”

“चूक तुयी, आन् उत्तरं आमच्या तोंडात. मले सांगतलं असतं, तर आमी अडतीस जणी गाडीत बसून आलो असतो अमरावतीले. त्या सायबाच्या दारात बसलो असतो. कशी सुटली असती मंग तुयी नोकरी?” तिचा आवाज चिरकला. “येवढा शिकला, येवढा तुया नंबर. आन् सत्तावीस दिवसवालं काम केलं, लेका.”

शेषरावाचा अंगठा सवयीनं खिशात गेला. तिथं घड्याळ नव्हतं. वरच्या खिशात कागद होता, त्यालाही त्यानं हात लावला नाही. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

जाईबाईनं ताट पुढे सरकवलं. तो मांडी घालून बसला आणि पूर्ण जेवण होईपर्यंत एकदाही उठला नाही.